मोज्यातली बाटली

इस्त्रीवाल्याला घाम काही नवा नव्हता. बारा वर्षं तापलेल्या इस्त्रीपुढे उभं राहून चेहरा पार विटेसारखा झालेला. म्हणूनच तर वरच्या मजल्यावरच्या सिस्टरबाईंनी डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना घराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"उकाडा म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं. बाकीचे म्हणतील, सशांना कसला आलाय उकाडा!"

नर्सची नोकरी संपल्यावर बाईंचा संसार म्हणजे दोन ससे, गुंड्या आणि मऊताई. इस्त्रीवाल्याचं काम एवढंच, की भर दुपारी फ्रीजमधली बर्फ झालेली बाटली जुन्या मोज्यात घालून पिंजऱ्यात ठेवायची. ससे तिला पाठ लावून निवांत पडतात.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या चादरींचा डोंगर आला. दुपारी तो वर गेला, बाटली मोज्यात घातली आणि पिंजऱ्याकडे वळता वळता मानेला लावली. क्षणभरच, मनाशी म्हणाला. पण जीव असा काही निवला, की पाय आपसूक जिना उतरले! मग खाली इस्त्रीच्या टेबलापाशी कधी मानेवर, कधी कपाळावर. बर्फाचं पाणी झालं, तेही घटाघटा पिऊन टाकलं.

शेवटची चादर घडी करताना मोजा हाताला लागला. ओला, रिकामा.

तो धावत वर गेला. मऊताई ठीक होती, पण गुंड्या तोंड उघडून धापा टाकत पडला होता. बाई सांगून गेल्या होत्या तसं त्यानं कपड्यांवर मारायच्या फवाऱ्यानं त्याचे कान ओले केले, त्याला गार फरशीवर ठेवलं. "चुकलो रे राजा. माझ्या पापाची शिक्षा तुला नको." तोंडात देवाचं नाव, पण ते घ्यायचीही त्याला लाज वाटत होती. तासाभरानं गुंड्याचं नाक हललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई डोळ्याला पट्टी लावून आल्या. सशांचे कान चाचपून म्हणाल्या, "गार आहेत हो! देवानंच तुम्हाला शेजारी धाडलं."

त्यापेक्षा त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं.

"बाई, कालची बाटली... मी घेतली. पाणीसुद्धा प्यायलो. गुंड्या जाता जाता राहिला."

बाई बराच वेळ गुंड्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"हाक मारता येत नाही हो त्यांना," एवढंच म्हणाल्या.

दुपारी जिन्यावर पट्टीवाल्या बाई दिसल्या, कठडा धरून एकेक पायरी चाचपत. टेबलावर त्यांनी मोज्यातली बाटली ठेवली. "त्यांची त्यांना दिली. ही तुमची. मागायची होती, वेड्या माणसा."

संध्याकाळी त्यानं बाटली परत नेऊन दिली. बर्फाचं पाणी झालं होतं, पण बूच उघडलेलं नव्हतं. मोजा मात्र धुऊन, कडक इस्त्री करून दिला.