लुमा, मी आणि ओकखालची जागा

मित्रांनो, माझा हॉर्न ऐकून हसू नका. तो खोकला झालेल्या आजोबांसारखा वाजतो, हे मलाही ठाऊक आहे. मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि जुनी असल्याची मला काडीची लाज नाही. माझा रंग एकेकाळी निळा होता. आता थोडा निळा, थोडा गंज, आणि डाव्या दाराला खिडक्या रंगवून उरलेला हिरवा. माझा गिअर इतर गाड्यांसारखा खाली नसतो, तो छत्रीच्या मुठीसारखा समोरून बाहेर आलेला असतो. नवशिक्या माणूस बसला की तो सगळीकडे हात घालून गिअर शोधत राहतो. मला त्याची फार गंमत वाटते.

स्लोवेनियातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी निघाले ती थेट इस्त्रियात, मिर्ना नदीच्या खोऱ्यात, झ्वानेच्या अंगणात येऊन थांबले. तेव्हा झ्वानेच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्याची नवरी चर्चमधून घरी आली ती माझ्यातूनच. त्याची लेक नेविया दवाखान्यातून आली तीही माझ्यातूनच. द्राक्षांच्या पाट्या, ऑलिव्ह तेलाचे डबे, एकदा तर चक्क जिवंत डुक्कर, सगळं मी वाहिलं. चढावर कधी मान टाकली नाही. झ्वाने माझ्या बोनेटवर थाप मारून म्हणायचा, "अशी गाडी आख्ख्या खोऱ्यात शोधून दाखवा!" मग मी दिवसभर ऐटीत चालायची.

पण माझा खरा मान पानगळीत. मित्रांनो, आमच्याकडे पानं गळू लागली की भली भली माणसं खोटं बोलू लागतात. सख्खा भाऊ भावाला पत्ता लागू देत नाही. याला कारण ट्रफल. ही एक भूछत्राची जात, झाडांच्या मुळांशी मातीत दडलेली. दिसायला ओबडधोबड बटाटा, पण वास असा की माणूस खुळा होतो. तो वास मातीतून फक्त कुत्र्याला येतो. म्हणून ज्याच्याकडे कुत्रा चांगला, तो आमच्याकडे राजा.

आता गाडी जिथे उभी, तिथेच जवळपास माल असणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून गाडी भलतीकडे लावायची आणि कुत्र्याला घेऊन पायी लांब निघून जायचं, ही आमची रीत. झ्वाने तर त्यातला उस्ताद! पुलापलीकडे, पाण्याच्या चराशेजारी एक थोराड ओक आहे. वर्षानुवर्षं तो मला त्याच ओकखाली, बुंध्याकडे नाक करून उभी करायचा आणि स्वतः रानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. गावाला हे पाठ झालं होतं. शेजारचा बेर्तो खानावळीत मोठ्याने सांगायचा, "झ्वानेच्या गाडीखाली खणा हो, इंजिनाचं तेल मिळेल!" सगळी खानावळ खिदळायची. त्या ओकखाली कोणी कधी खुरपं टेकवलं नाही.

आणि मग आमच्या घरी लुमा आली. कुरळ्या केसांची, मातीच्या रंगाची, टोपीत मावेल एवढी कुत्री. पहिल्याच दिवशी तिने माझी मागची सीट ओली केली. मी खूप रागावले होते, पण आठवडाभरात विरघळले. काय नाक होतं तिचं! झ्वाने तिच्या मागे नुसता पळत सुटायचा. एक खोड मात्र होती. ओकपाशी उतरली की ती आधी माझ्या डाव्या चाकापुढे जाऊन माती उकरायची. "अगं येडे, काय पुरलंय तुझं तिथे?" असं म्हणून झ्वाने तिला पट्टा धरून ओढून न्यायचा. ती जायची, पण मागे वळून बघत बघत.

दिवस गेले. झ्वानेच्या मिशा पांढऱ्या झाल्या, लुमाची कंबर धरली, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि माझं तर विचारूच नका. पण आमचे प्रवास थांबले नाहीत. झ्वानेने माझी मागची सीट काढून टाकली आणि तिथे लोकरी घोंगडी अंथरली. लुमाला चढता-उतरता यावं म्हणून एका फळीवर जुन्या गालिच्याच्या पट्ट्या ठोकल्या. वळणावर ती घरंगळू नये म्हणून तो मला इतकी हळू चालवायचा की मागचे ट्रकवाले कर्कश हॉर्न वाजवायचे. "वाजव, वाजव!" तो खिडकीतून ओरडायचा. "माझी म्हातारी झोपलीय!" मीही माझा खोकला दाबून धरायची. लुमा नाक खिडकीबाहेर काढायची, वाऱ्यावर कान उडायचे, आणि मला वाटायचं, जगात यापेक्षा चांगलं ओझं नाही.

गेल्या पानगळीत मात्र लुमाला चार पावलंही चालवेना. झ्वाने तिला माझ्यात ठेवायचा, काच अर्धी खाली करायचा आणि एकटाच रानात जायचा. कुत्र्यावाचून काय सापडणार? रोज रिकाम्या हाताने परत यायचा. इकडे माझ्यात लुमा कण्हत राहायची, माझा तळ नखांनी ओरबाडायची. "कळतंय गं बाई, तुलाही यायचंय," तो तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा. "गप, गप."

शेवटी नेवियाने कंबर कसली. "बाबा, पुरे झालं. हिला उचलून उचलून एक दिवस तूच आडवा होशील. आणि या खटाऱ्याचे ब्रेक देवावर चालतात. रविवारी ट्रफलची जत्रा होऊ दे. सोमवारी भंगारवाला येऊन गाडी नेईल आणि लुमा चुलीपाशी राहील."

"रानाशिवाय ती महिनाभर जगायची नाही."

"हंगामात एक तरी ट्रफल काढलाय का तिने?"

"आणि काढला तर?"

नेवियाने हात जोडले. "तिने काढलेला एक ट्रफल जत्रेच्या टेबलावर आण. मग मी तोंडातून शब्द काढणार नाही."

मित्रांनो, माझ्या टाकीत तेव्हा पेट्रोल होतं, पण जीवच राहिला नव्हता. माझं सोडा हो, मी पत्रा आहे. लुमाचं काय?

रविवार उजाडला. दाट धुकं पडलं होतं. मी कुंथत कुंथत सुरू झाले आणि आम्ही ओकखाली पोहोचलो. झ्वानेने खुरपं घेतलं, लुमाच्या कपाळाचा मुका घेतला आणि तो निघाला. आणि तेवढ्यात लुमा भुंकली!

रानात भुंकायचं नाही, हे ट्रफलच्या कुत्र्याला पिल्लू असतानाच शिकवतात, कारण भुंकलं की जागा फुटते. लुमा जन्मात रानात भुंकली नव्हती. झ्वाने धावत परत आला. "काय झालं? कुठे दुखतंय?" त्याने मागचं दार उघडून फळी लावली. लुमा घसरत खाली आली, आणि त्याच्याकडे न बघता सरळ माझ्या डाव्या चाकापुढे, ओकच्या मुळांत शिरून अडकून बसली. त्याने हाका मारल्या, पाव दाखवला. ती हलेना. तिचा पाय अडकला असावा असं वाटून बिचारा घाबरला. मला मागे घ्यावं म्हणून त्याने चावी फिरवली, पण माझी बॅटरी उतरली होती.

त्याच वेळी बेर्तो आपल्या चकचकीत जीपमधून आला. "काय रे, म्हातारीने मान टाकली वाटतं?"

"कोणत्या म्हातारीने?"

"तुम्ही तिघांनीही!"

"तोंड मिट आणि ढकल!"

तोंडाने तिखट असला तरी बेर्तो शेजारधर्माला पक्का. त्याने माझ्या नाकावर दोन्ही हात रोवले, झ्वानेने खांदा लावला, आणि मीही जीव खाऊन मागे सरकले. लुमा मोकळी झाली. पण ती पळाली नाही. मोकळ्या झालेल्या मातीत ती दोन्ही पंजांनी उकरू लागली. झ्वाने थबकला. मग हळूच गुडघ्यांवर बसला, तिला पावाचा तुकडा दिला आणि बोटांनी माती बाजूला करू लागला. वास उसळला तसा बेर्तोने टोपीच काढली.

एवढा मोठा पांढरा ट्रफल मी माझ्या हयातीत पाहिला नव्हता. झ्वानेच्या ओंजळीत तो मावेना!

"म्हणजे तू..." बेर्तो अडखळला. "लेका, इतकी वर्षं तू थेट मालावर गाडी लावत होतास? आणि आम्ही मूर्खासारखे हसत होतो?"

झ्वानेने ट्रफल माझ्या बोनेटवर ठेवला. त्याने रीतीप्रमाणे खड्डा मातीने बुजवला. त्याच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

जीपने मला दोर लावून ओढत जत्रेत आणलं. नवरीसारखी मिरवले मी! टेबलावर लुमाच्या ट्रफलशेजारी बाकीचे सगळे गोट्यांसारखे दिसत होते. बेर्तो ओरडून ओरडून सांगत होता, "कोल्हा आहे हा, कोल्हा!" लोक टाळ्या पिटत होते. कुणीतरी विचारलं, "बार्बा, खरंच ठाऊक होतं तुम्हाला?" आमच्याकडे वडीलधाऱ्यांना बार्बा म्हणतात.

झ्वाने उठला. त्याने लुमाला दोन्ही हातांवर उचललं. "मला काडीचं ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "हिला होतं. पिल्लू होती तेव्हापासून ही मला सांगत होती. आणि मी हिला म्हणत होतो, गप."

मग अख्खी जत्रा लुमासाठी उभी राहिली आणि घोषणांनी माझ्या काचा थरथरल्या. नेविया डोळे पुसत होती. तिने तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नका. नाही म्हणजे नाही. आणि हो, या जुन्या गाड्यांची बॅटरी कुठे मिळते?" मग तिने मोठ्या तव्यावर अंड्यांची फ्रिताया, म्हणजे आमचं ऑम्लेट, केली, वर ट्रफल किसला, आणि पहिला घास लुमाला दिला. लुमाने अंडं खाल्लं आणि ट्रफल बाजूला काढून ठेवला. तिला त्याचं काय अप्रूप!

आता माझी बॅटरी नवी आहे, ब्रेकही नवे आहेत, आणि मी कुठे थांबायचं हे लुमा ठरवते. ती कण्हली की झ्वाने तिथेच गाडी थांबवून फळी लावतो. बेर्तो मात्र खुरपं घेऊन मी वर्षानुवर्षं जिथे जिथे उभी राहिले त्या जागा शोधत हिंडतो. अजून तरी त्याला तेलच मिळालं आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं म्हातारं जनावर असेल, म्हातारं माणूस असेल. ते कण्हलं, पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे ओढू लागलं, तर त्याला गप करू नका. आधी दार उघडा आणि त्याला जायचंय तिथे जाऊ द्या. आमच्या लुमाला त्या मुळांपाशी जाऊ द्यायला आम्हाला तेरा वर्षं लागली.