झऱ्याच्या पाण्याने केलेली बदनामी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा रेडिएटर आहे आणि मला राग आला आहे. का, ते सांगतो. मग तुम्हीच न्याय करा.

पितळेच्या दोन टाक्या आणि मधे तांब्याच्या बारीक बारीक नळ्या जोडून एका कारागिराने मला घडवलं. इंजिनातून कढत पाणी माझ्याकडे यायचं. मी ते वाऱ्यावर निववायचो आणि परत पाठवायचो. पन्नास वर्षं हेच केलं. लोक गाडी पाहायला थांबायचे, दिव्यांवरून हात फिरवायचे. जाळीमागच्या माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं मला काही नव्हतं.

मग गाडी आजोबांकडे आली. माणूस जीव लावणारा. दर रविवारी ते डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावर जायचे आणि दोन कॅन भरून आणायचे. एक स्वयंपाकघरात, दुसरा माझ्यासाठी. शेजाऱ्यांना ऐकवायचे, "लोक गाडीला नळाचं पाणी पाजतात. आमची झऱ्याचं पिते!"

मला कुणी विचारलं? झऱ्याच्या पाण्यात डोंगरातले क्षार विरघळलेले असतात. तुमच्या हाडांना त्यांचा उपयोग होत असेल. मला कुठे आहेत हाडं? पाणी तापलं की क्षार मागे राहायचे आणि नळ्यांना आतून चिकटायचे. थरावर थर. पाच वर्षांत माझ्या निम्म्या नळ्या बुजल्या. नाक दाबून पळायला लावल्यासारखी गत. गाडी चढावर तापू लागली.

आजोबांनी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी माझं झाकण उघडून आत डोकावल्यासारखं केलं.

"काका, रेडिएटर गेला. भंगारात द्या, नवा बसवू."

"अहो, लाडाने सांभाळलाय मी त्याला!"

"मग लाडानेच बिघडला," मिस्त्री म्हणाले आणि दोघंही हसले.

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला उतरवून मागच्या दारी भिंतीला टेकवलं. सोमवारी भंगारवाला येणार होता.

रविवारी सकाळी आजोबांची सून मागच्या दारी आली. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळायचं पातेलं. पातेल्याच्या तळाला पांढरी खरपुडी धरली होती. ती नखाने खरवडता खरवडता सुनेचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. तीच खरपुडी. ती तशीच उभी राहिली.

"बाबा, जरा बाहेर या. हे पातेलं बघा आणि हे बघा."

"पातेल्याचा आणि गाडीचा काय संबंध गं?"

"दोघांना पाणी एकच."

"बाळही तेच पितं की. कसं गुटगुटीत आहे!"

"बाळ पोटात पाणी उकळत नाही, बाबा."

आजोबांनी पातेल्याच्या तळावरून बोट फिरवलं, मग माझ्या तोंडातून. मित्रांनो, त्या क्षणी सुनेच्या पाया पडावंसं वाटलं, पण मला पायही नाहीत.

पातेलं ती लिंबूसत्त्वाने घासायची. तेच कोमट पाण्यात विरघळवून तिने माझ्या पोटात ओतलं. दुपारी माझ्यातून बादलीभर पांढरा गाळ पडला. आजोबा बादलीकडे बघत म्हणाले, "एवढं मी घातलं?" मिस्त्री आले, त्यांनी उलट्या बाजूने पाणी सोडून नळ्या मोकळ्या केल्या आणि मला पुन्हा जागेवर बसवलं.

"आता नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालतो," आजोबा म्हणाले.

"नुसतं नको, काका. इंजिनाला गंज चढेल. डिस्टिल्ड निम्मं, जुन्या गाडीला चालणारं कूलंट निम्मं."

संध्याकाळी गाडी चढ चढली. काटा मधोमध राहिला. सगळ्यांनी मिस्त्रींना शाबासकी दिली. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. आजतागायत नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. ज्याला जे लागतं ते त्याला द्या. स्वतःला आवडतं ते दुसऱ्याच्या घशात ओतणं म्हणजे प्रेम नव्हे. गाडी तापली तर शिव्या देण्याआधी पाणी कुठलं घातलं होतं ते आठवा. आणि झाकण मी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. कढत असताना उघडलं तर जी वाफ अंगावर येते, ती कुणाची चूक होती हे बघत नाही.