आजानातवाचं झाड

“कलम आणू नकोस. बी रुजवून वाढवलेलंच लाव. आणि पालवी फुटायच्या आत.” जाण्याआधी दवाखान्यात खाटेवरून यजमानांनी मला एवढंच सांगितलं होतं. मी ‘हो’ म्हटलं, आणि ते निश्चिंत झाले.

म्हणून काल मी गिंकोचं, गावात ज्याला आजानातवाचं झाड म्हणतात त्याचं, गुडघाभर रोप अंगणात आणून ठेवलं. आज सकाळी कुआनयिन मातेसमोर माझा जप चालला होता. तो संपेपर्यंत मी बोलत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नेमकी तेव्हाच शेजारची त्सुई दारात आली.

“अगंबाई, आजानातवाचं झाड! आजोबा तर गेले, नातवाचा अजून पत्ता नाही. मग नुसतं झाडच का?”

सून छाययुन कढई घासत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मणी ओढत राहिले आणि माझं गप्प बसणं तिला होकारासारखं वाटलं.

जप आटोपून उठले, तर ती माहेरी जायला गाठोडं बांधत होती.

“आई, टोमणा मारायचा तर तोंडानं मारायचा. झाड कशाला आणायचं?”

“टोमणा कसला?”

“त्याचं नावच तसं आहे ना!”

मी तिच्याजवळ बसले. “आजोबानं लावावं आणि फळ नातवाला मिळावं, इतका वेळ घेतं, म्हणून हे नाव. खरं ना? मग आपण मिठात भाजून खातो त्या बिया कुठल्या?”

“ओढ्याकाठच्या झाडाच्या.”

“ते कुणी लावलं?”

“फांग म्हाताऱ्यानं म्हणतात. पण त्यांचा तर वंशच…” ती अडखळली.

“वंश बुडाला. फळं कोण खातं?”

“आपण. अख्खं गाव.” नाक पुसत ती म्हणाली, “त्सुई काकू तर टोपली भरून नेतात.”

“मग तीही फांग आजोबांची नातच झाली. नावात कुठं म्हटलंय, नातू आपल्याच घरचा हवा?”

ती हसली नाही. पण गाठोड्याची गाठ तिनं सोडली.

“अंगणात नको लावू, आई.”

“शाळेच्या वळणावर लावू या. ओलसर जागा आहे.”

मी कुदळ शोधेपर्यंत छाययुननं रोपाच्या मुळांना ओलं फडकं गुंडाळलं, ते कडेवर घेतलं, आणि माझी वाट न पाहता, त्सुईच्या दारावरूनच, ती शाळेच्या रस्त्याला लागली.