तिच्या वाटणीचं सामान

वजनकाट्यावर आधी नवरा एकटा उभा राहिला, मग तंबू कवेत घेऊन. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा. मग झोपायच्या पिशव्या, स्टोव्ह, भांडी, हत्यारं. सगळं मिळून बावीस किलो भरलं. तीस वर्षं लोकांची घरंच्या घरं बांधून ट्रकमध्ये चढवणारा माणूस तो. सामान दिसलं की त्याच्या अंगात यायचं.

“बावीसच्या बावीस माझ्याकडे,” त्याने निकाल देऊन टाकला. “तू नुसती पॅडल मार.”

ती दारापाशी बसून थैलीच्या पट्ट्याला शेवटचे टाके घालत होती. ताडपत्रीच्या कारखान्यात तिचं शिवणकाम. तिथल्याच उरल्यासुरल्या जाड कापडाच्या तिने चार थैल्या शिवल्या होत्या, दोघांच्या सायकलींना कॅरिअरच्या दोन्ही अंगांनी अडकवायला. कड दुहेरी, तळाला आणखी एक थर. महिनाभर खपली होती बिचारी.

“अहो, मग माझ्या थैल्यांत काय वारा भरू?”

“तुझा गुडघा काय म्हणतो ते विचार आधी.”

झालं. गुडघ्याचं नाव निघालं की घरातलं बोलणं तिथेच खुंटायचं. आठ महिन्यांपूर्वी कारखान्याच्या जिन्यावरून ती पडली, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिच्या हातातलं सगळं कुणी ना कुणी काढून घेत होतं. आधी पाण्याची बादली, मग भाजीची पिशवी, मग साधी खुर्ची सरकवायचं कामसुद्धा. प्रेमानेच घ्यायचे, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. ती मात्र रोज पहाटे, नेम पाळावा तसा, वीस वेळा पाय उचलायची. एका दिवसाचा खाडा नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सायकलला होकार दिला. चार दिवस कालव्याच्या काठाने तळ्यापर्यंत जायचं, तंबूत राहायचं असं ठरलं, तेव्हा तिला वाटलं, देवाच्या दयेने आजारपण सरलं. आणि इथे नवरा तिला पाहुणी करून न्यायला निघाला होता.

दुपारी तिचा धाकटा भाऊ आला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याने सायकलच्या मागे जोडून ओढायची एक छोटी गाडी आणली होती.

“दाजी, हिच्यात तीस किलो आरामात मावतं. बावीसच आहे ना? मग ताईलाही घाला आत!”

नवरा खो खो हसला. तीही हसली, पण सुई बोटात गेली.

“ताई, रागावलीस की काय?”

“तुझ्यावर रागावून काय करू? तुझ्या जिभेला लहानपणापासून ब्रेक नाही. दुकान मात्र सायकलींचं!” मग नवऱ्याकडे वळून ती हळू म्हणाली, “रविवारी टेकडीवरच्या टाकीपर्यंत जाऊन बघू. तुमच्याच पद्धतीने.”

रविवारी ती चढावर पिसासारखी निघाली. मागे गाडी जोडलेला नवरा पहिल्याच वळणाला दिसेनासा झाला. टाकीपाशी पोहोचली तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटला. मग घाम वाळला आणि वारा अंगाला झोंबायला लागला. जॅकेट गाडीत. घशाला कोरड पडली. पाणी गाडीत. गुडघ्याचा पट्टा, पंप, बिस्किटं, सगळं गाडीत. अर्धा तास झाला तरी नवऱ्याचा पत्ता नाही. हलकं असणं वेगळं आणि रिकामं असणं वेगळं, हे तिला टाकीच्या कठड्यावर बसून चांगलंच कळलं. मग मात्र जीव राहीना. तिने सायकल उलटी वळवली.

अर्ध्या वाटेवर तो रस्त्याकडेला बसला होता. तोंड लालबुंद, गाडी कलंडलेली.

“लागलं का हो कुठे?”

“मला काय धाड भरलीय! दम लागला. तुला जरा थांबायला काय झालं होतं?”

“थांबलेच होते. ना घोटभर पाणी, ना अंगावर घ्यायला काही. तुम्हाला खाली काही झालं असतं, तर मी काय घेऊन धावले असते?”

त्याने गाडीतून पाणी काढलं. बाटली तिच्याकडे सरकवली. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, “तू पडलीस ना, तेव्हा मी कुणाचं तरी कपाट उतरवत होतो. खिशात फोन वाजतोय आणि माझे हात अडकलेले. तेव्हापासून वाटतं, तुझ्या अंगावर कसलाच भार नको.”

इतक्या महिन्यांत हे तो पहिल्यांदा बोलत होता. तिचा राग कुठल्या कुठे गेला. पण राग गेला म्हणून म्हणणं सोडून द्यावं असं तिला वाटेना.

“तुमचा जीव तुटतो, दिसतं मला,” ती म्हणाली. “पण एक सांगा. मी तुमच्या सोबत येतेय, की तुमच्या सामानात?”

त्याने कलंडलेली गाडी उचलून सरळ केली. उतरताना गाडी सायकलला मागून ढकलत राहिली आणि तो सगळा रस्ता ब्रेक दाबत आला.

गाडी भावाच्या दुकानात परत गेली. मग वाटणी झाली. ज्याची झोपायची पिशवी, कपडे, पाणी, ते त्याच्याकडे. तंबूचं कापड, स्टोव्ह, भांडी तिच्याकडे, काठ्या, खुंट्या नि हत्यारं त्याच्याकडे.

“सात किलो,” तो म्हणाला.

“दहा.”

“अगं, बाजार आहे का हा?”

नवावर सौदा ठरला. थैल्या त्याने तिच्याकडूनच भरून घेतल्या. जड खाली, दोन्हीकडे सारखं, दाबून बघ, हलता कामा नये. शिकवताना त्याचा आवाज कामावरच्या माणसाशी बोलावा तसा झाला. तिला तो फार आवडला.

पुढच्या रविवारी तोच चढ. वळण संपता संपता गुडघा कुरकुरला. आधी तिने दुर्लक्ष केलं, मग तो ठणकायलाच लागला. मागे नवरा ओठ घट्ट मिटून येत होता. विचारायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलेलं दिसत होतं. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. तिला वाटलं, रेटावं असंच. आज दिलं, तर उद्या सगळंच जाईल. पण ठणका खोटा नव्हता, आणि तो लपवून चढणं म्हणजे पुन्हा एकटीनेच वर जाणं.

ती उतरली. थैली उघडून स्टोव्ह आणि भांडी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

“हे घ्या. एवढं आज मला झेपत नाही.”

त्याने ते घेतलं. दुसरा हात सवयीने तंबूच्या कापडाकडे गेला.

“ते माझं,” ती म्हणाली.

हात मागे आला. त्याने आपली थैली उपसून भांड्यांना तळाशी जागा केली, पट्टा आवळला आणि पुढे न जाता ती सायकलवर बसेपर्यंत तिथेच उभा राहिला.