तोंडावर आडवा हात

आमच्या चौथीच्या वर्गाला सोमवारी आणि गुरुवारी, असे दोनच दिवस, दोन शिक्षक असतात. एक मी, गुलाब गुरुजी, आणि दुसऱ्या सरिता मॅडम. त्या विशेष शिक्षिका, रुचितासाठी येतात. रुचिताला ऐकू येत नाही. कानातल्या यंत्राने तिला नुसता गलका कळतो, शब्द ती समोरच्याच्या ओठांवरून वाचते. मी शिकवतो, आणि मॅडम तेच फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहून ओठांनी आणि हातांनी पुन्हा सांगतात. आधी मला हा डोक्याला ताप वाटायचा. दिवाळीत माझी बायको मालन गेली, त्यानंतर तापही वाटेना. काहीच वाटेना. शाळा सुटली की घरी जायचं, भात टाकायचा, खायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडमनी पोरांना सगळ्यांची हाताची नावं पाडायला लावली होती. टीनाचं नाव दोन वेण्या, मॅडमचं नाव कपाळावरची टिकली. माझं नाव तोंडावर आडवा हात. म्हणजे चूप! मला ते बरं वाटलं होतं. निदान दरारा तरी उरला म्हणायचा.

धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं तसा रुचिताचा बाप धनीराम शाळेत आला.

"गुरुजी, मी पोरीले नागपूरले बहिऱ्याच्या शाळेत टाकतो. होस्टेलात राहीन थे."

रुचिताने बापाचे ओठ वाचले आणि दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला.

"इथं शिकून राहिली ना ती," मॅडम म्हणाल्या.

"तुमी असता तवा शिकते. बाकीच्या दिवशी काय करते? मी मंगळवारी येऊन बसतो वर्गात. समजलं तिले, तं राहू देतो. नाई समजलं, तं नेतो."

बोलत होता बरोबर. एवढीशी पोर घरापासून तुटणार होती, आणि ते माझ्यावर होतं. तरी माझ्या आत काही हललं नाही. त्याचीच मला थोडी भीती वाटली.

जाताना मॅडमनी मला बजावलं. "सर, फळ्याकडे पाहून बोलू नका. खिडकीकडे तोंड ठेवा, उजेड पडते. हळू बोला. आन् सर..." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पर्सची चेन उगाच उघडली, लावली. "काही नाई."

मंगळवारी धनीराम मागच्या भिंतीला टेकून बसला. मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. खिडकीकडे तोंड करून विचारलं, "रुचिता, आपल्या बोडीत पाणी कुठून येते?" बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. शाळेच्या मागेच आहे, तिच्या रोजच्या वाटेवर.

रुचिता माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तिने तोंडावर आडवा हात धरला.

"चूप काय? विचारून राहिलो, तं बोल!"

पुन्हा तोच हात. धनीराम उठला आणि त्याने तिचं दप्तर उचललं. ती रडायला लागली, पण हात तोंडावरून काढेना.

टीना उभी राहिली. "गुरुजी, ते चूप नोहे. थे म्हणते, तुमचं तोंडच दिसत नाई. मिशी आहे ना तुमची."

कोणी हसलं नाही. म्हणजे मी सोडून सगळ्या वर्गाला माहीत होतं. आणि मॅडम तरी काय करतील? वयाने मोठ्या माणसाला मिशी कापा म्हणून कसं सांगायचं?

मिशी मालन कापायची. दर रविवारी अंगणात खाटेवर बसवायची, हनुवटी धरायची आणि दटावायची, "बोलू नोका, ओठ कापन." दिवाळीपासून त्या मिशीला कात्री लागली नव्हती. ओठांवर उतरली, चहात बुडायला लागली, तरी मी नुसती पुसायचो आणि राहू द्यायचो.

"धनीराम, थांब जरा," मी म्हणालो.

कार्यानुभवाच्या डब्यातून कागद कापायची कात्री काढली. आरसा नव्हता, म्हणून टीनाला समोर उभं केलं.

"आनखी, गुरुजी. इकडून आनखी. हां, बस."

केस शर्टावर पडले, टेबलावर पडले. मालनच्या हातचं शेवटचं काही माझ्या अंगावर होतं, ते गेलं. मी ते झटकले आणि रुचितासमोर उजेडात जाऊन वाकलो.

"बोडीत पाणी कुठून येते?"

तिने माझे ओठ पाहिले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच पाहिले.

"पाऊस," ती तिच्या त्या जाड आवाजात ओरडली. मग, "नाला!"

धनीरामने दप्तर परत बाकावर ठेवलं. "चाललो, गुरुजी. सुट्टी झाली का घरी धाडजा तिले."

संध्याकाळी घरी चहा प्यायलो. सवयीने मिशी पुसायला हात वर गेला, तर तिथे काही नव्हतं. आणि मला रडू फुटलं, मालन गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर आडवा हात धरला.