नातसुनेला वेंधळी म्हटल्याची गोष्ट

“कुणाला पटायचं नाय, पण अख्ख्या पेण तालुक्यात माझ्याएवढा वेंधळा झाला नाय!” मी ओटीवरून मुद्दाम मोठ्याने म्हणालो.

आत माझी नातसून चंद्रावती चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. रोह्याला आगगाडी सुरू झाली त्या साली ती खाडीकाठच्या मिठागरवाल्यांतून आमच्या भातशेतीवाल्या घरात आली; ही गोष्ट त्याच सालची. तीन दिवसांपूर्वी रोह्याच्या पाहुण्यांना वाढताना तिचा पाय साडीत अडकला आणि वालाच्या बिरड्याचं पातेलं थोरल्या पाहुण्याच्या मांडीवर! तिची सासू, म्हणजे माझी सून गिरजाबाई, ओरडली, “वेंधळी गो वेंधळी!” सगळे हसले. तेव्हापासून पोरगी कुणाशी बोलली नव्हती, आणि आज सकाळी तिने माहेरी जायला गाठोडं बांधलं होतं.

गिरजाबाईच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे हा शब्द दिवसातून दहादा निघतो. छत्री विसरणाऱ्याला, पिशवीऐवजी उशी घेऊन बाजारात निघणाऱ्याला (तो मीच). त्यात राग थोडा, माया जास्त. पण नव्या माणसाला ऐकू येतो तो नुसता शब्द. त्यातली माया ऐकू यायला त्या घरात चार पावसाळे काढावे लागतात, आणि ही तर दुपारच्याच एस्टीने निघणार होती.

“एकदा काय झालं,” मी पुढे म्हणालो, “भर श्रावणात मी मिठागरातून ताजं काढलेलं मीठ घेऊन येत होतो. डोक्यावर पाटी. बांधावरून पाय सटकला, पाटी आपल्या तळ्यात!”

“मामंजी, झालं का सुरू?” गिरजाबाई म्हणाली.

“तू गप गो. तीन दिवस तळ्यातून मासे निघाले ते खारवलेलेच! नुसते वाळवायचे बाकी. एक बगळा घोटभर प्यायला नि गोडं पाणी शोधत थेट नागोठण्याला गेला. मी लाजेने आठ दिवस भात साठवायच्या कणगीत बसलो. जेवण वरून सोडायचे, दोरीने.”

आत फुंकणी खाली आपटल्याचा आवाज झाला. चंद्रावती दारात आली. कमरेवर हात, डोळे थेट माझ्यावर.

“श्रावणात ताजं मीठ? आजोबा, पावसाळ्यात आगरं पाण्याखाली असतात! मीठ पिकतं ते उन्हाळ्यात. थापाडे हो तुम्ही, निव्वळ थापाडे!” तीन दिवसांनी पोरीचा पहिला शब्द निघाला, आणि तोही आमच्या घरच्यासारखाच: राग थोडा, माया जास्त.