पाटात बोअरची गाडी

मी पाटकरी आहे. पाटाला पाणी सुटलं की कोणाच्या वावरात किती वेळ जाऊ द्यायचं, हे ठरवणारा सरकारी माणूस. नोकरीला अठरा वर्षं झाली आणि पाणी सुटलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. पगार मात्र कधी चुकला नाही, खोटं कशाला बोलू?

पण पाट ओस पडला होता असं समजू नका. अनसिंगच्या अलीकडे आमचं गाव, आणि पाट संपतो तिथं तांडा. या दोघांमधला रस्ता कागदावर आहे आणि पाट जमिनीवर. सिमेंटचा, रुंद, ना खड्डा ना चिखल. लोकांनी पाटालाच रस्ता करून टाकलं. ट्रॅक्टर, शाळेचा ऑटो, दुधाच्या मोटारसायकली, लग्नाच्या जीपा, सगळं पाटातून. त्याचे नियमही ठरले होते. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर भरलेलीला मान, रिकामीनं मागं सरायचं. भांडण झालंच तर पाटकरी म्हणून लोक मला बोलवायचे. पाटाचा माणूस म्हणून मी तेवढाच उपयोगी पडलो.

यंदा दिवाळीच्या आधी नोटीस आली: रब्बीसाठी पाणी सोडणार. मीच ती ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवली. गाव हसलं. पाटाच्या मध्यावर ज्यांची वीस एकर आहे ते जगदेवराव म्हणाले, "अबे, पाटात पानी सोडलं त लोकं जातीन कुठून?" आणि सगळ्यांनी, पाण्याशिवाय येतो तो हरभरा पेरला.

विश्वास ठेवला तो एका बाईनं. तांड्यातल्या रुपाबाईचं दोन एकर वावर पाटाच्या अगदी शेवटाला, आम्ही ज्याला टेल म्हणतो तिथं आहे. तिचा मुलगा विनोद आणि सून रंजीता दरवर्षी सहा महिने ऊस तोडायला जातात. नोटिशीखाली उभी राहून तिनं मला विचारलं, "भाऊ, खरं सांग. पानी येते का? येत असन त मी गहू पेरतो. पोराले यंदा ऊस तोडाले पाठवत नाही."

"येते मावशी," मी म्हणालो. "शिक्का हाय नोटिशीवर."

तिनं गहू पेरला. जमिनीतल्या ओलीवर तो बोटभर वर आला. तोडीच्या मुकादमाला विनोदनं सांगितलं की, पाणी आलं तर मी येत नाही. मुकादम म्हणाला, "बरं, पाहून घे. माह्या ट्रक तांड्यातच उभा हाय."

पाणी सुटायच्या दिवशी वर धरणावर आमच्या खात्याच्या साहेबांनी नारळ फोडला. त्याच सकाळी जगदेवरावांनी बोअर मारायची गाडी बोलावली आणि ती पाटातून वावराकडे निघाली. मी हात आडवा केला. "आज पानी सुटून राह्यलं, जगदेवराव."

"अठरा वर्षांत नाही आलं, अन आजच येते?" ते म्हणाले. मलाही मनातून तसंच वाटत होतं, म्हणून मी हात खाली घेतला. तो हात मला अजून दुखतो.

वळणावर पाट अरुंद आहे. गाडी तिथं तिरपी झाली. तोंड एका भिंतीत, बूड दुसऱ्या भिंतीत. दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. पोरांनी चाकांखाली दगड टाकले, मुरूम टाकला, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या कोंबल्या. गाडी हलेना.

विनोदनं मोबाइलवर जुना फोटो काढून दाखवला. "हे पाहा. सुएझच्या कालव्यात असंच जहाज फसलं होतं. सहा दिवस साऱ्या दुनियेच्या बोटी मांगं उभ्या."

"मंग काढलं कसं?" जगदेवरावांनी विचारलं.

"पानी चढलं तवा निघालं."

सगळे खो खो हसले, आणि हसता हसताच पाणी आलं. पुढं अठरा वर्षांच्या चपला, बाटल्या, पिशव्या आणि मागं खरंखुरं गढूळ पाणी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, सांगायला लाज नाही. पण बोअरची गाडी काही जहाज नव्हती. चाकांखालच्या दगड-मुरमाचा चांगला बांध झाला होता. पलीकडं थेंब जाईना. अलीकडं पाणी चढून जगदेवरावांच्या वळणालगतच्या, खरिपाच्या उभ्या कपाशीत शिरलं.

तासाभरात अर्ज तयार झाला: "पाण्यामुळे रहदारीस अडथळा होत असल्याने पाणी त्वरित बंद करावे. समस्त गावकरी." पाणी मागायचे अर्ज आम्ही अठरा वर्षं करत होतो, एकाचंही उत्तर आलं नाही. हा मात्र साहेबांचं जेवण आटोपायच्या आत मंजूर झाला.

"समस्त गावात मी नाही का?" रुपाबाईनं मला विचारलं. "माह्या गव्हाचं काय?"

मी दुसरीकडे पाहिलं. संध्याकाळी साहेब म्हणाले, रिपोर्टात लिही, पाणी टेलच्या दिशेनं गेलं. मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आली. तिला डबक्यात उतरता येईना, म्हणून बाजू फोडून साठलेलं पाणी नाल्यात सोडून दिलं. ते वाहून जाताना रुपाबाईनं एक गुंड, म्हणजे पितळी हंडा, भरून डोक्यावर घेतला. दुपारी गाडी निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं जगदेवरावांच्या वावरात बोअर तीनशे फूट गेला आणि धुरळा निघाला, पण ते राहू द्या.

रुपाबाई गुंड घेऊन पाटातूनच तांड्याकडे चालली होती, मी तिच्या मागं होतो. दुसरा रस्ता कुठं आहे? वळणापुढं समोरून मुकादमाचा ट्रक आला. माणसांनी, भांड्यांनी, गाठोड्यांनी भरलेला. वर विनोद आणि रंजीता बसले होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

ती उभीच राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "भरलेलीले मान हाय ना, भाऊ? मंग? मीबी भरलेली हाय."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच पाटात पाणी आणि गाडी समोरासमोर उभी होती. कोणाला जाऊ द्यायचं हे ठरवणं माझंच काम. ट्रकच्या मागं दहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"मावशी," मी म्हणालो, "जरा बाजूले व्हा."

पाटाच्या उतरत्या भिंतीवर चढताना तिचा पाय घसरला आणि अर्धा गुंड सांडला. ट्रक गेला. विनोदनं वरून आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. सांडलेलं पाणी सिमेंटवरून चार हात खाली वाहत गेलं आणि एका भेगेत जिरलं.

टेलच्या दिशेनंच गेलं. माझा रिपोर्ट खोटा नाही.